दुखतंय, पण नेमकं कसं दुखतंय?

परिचारिका_सिएटल | १४ जून, सकाळी ९.४०

गेल्या आठवड्यात माझ्या क्लिनिकमध्ये एक मराठी आजी आल्या होत्या. वय ७८, मुलाकडे सहा महिन्यांसाठी सिएटलला आलेल्या. मी खोलीत शिरण्याआधीच मेडिकल असिस्टंटने दुखण्याचा आकडा लिहून ठेवला होता: दहापैकी तीन. आकडा मुलाने सांगितला होता, कारण आजी त्याला म्हणाल्या होत्या, "चाललंय रे, एवढं काही नाही." तीन म्हणजे इथल्या हिशेबात पॅरासिटामोल घ्या आणि घरी जा.

माझं लक्ष आकड्याआधी त्यांच्या पदराकडे गेलं. पाचवारी नेसलेल्या, पण पदर उजव्या खांद्यावर, तोही कसाबसा ओढलेला. साठ वर्षं डाव्या खांद्यावर पदर घेतलेली बाई एकाएकी बाजू का बदलेल? विचारलं. आजी क्षणभर गप्प राहिल्या, मग हळूच म्हणाल्या, "बाई, डाव्या अंगाला कापड टेकलं की आग होते बघ. निखारा ठेवल्यागत. रात्री पांघरूणसुद्धा सोसवत नाही." चार महिन्यांपूर्वी, इकडे निघायच्या आधी, त्या जागी नागीण उठली होती. फोड सुकले आणि घरच्यांसाठी विषय तिथे संपला. आजी मात्र तेव्हापासून निम्मी रात्र खुर्चीत बसून काढत होत्या. मुलगा ऐकताना रडायला लागला. त्याचा काही दोष नव्हता. त्याने "दुखतंय का" एवढंच विचारलं होतं, आणि त्या प्रश्नाला आपल्याकडच्या आयांचं उत्तर ठरलेलं असतं.

कापडाच्या नुसत्या स्पर्शाने आग होणं हे नसांचं दुखणं. त्यावर नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या फारशा चालत नाहीत. मूत्रपिंडाचा रिपोर्ट पाहून मी गॅबापेंटिन हे नसांच्या दुखण्यावरचं औषध अगदी कमी मात्रेत रात्रीचं सुरू केलं, दुखऱ्या जागेवर बधिर करणाऱ्या लिडोकेनची पट्टी दिली (बारा तास लावायची, बारा तास काढायची), आणि गॅबापेंटिनने चक्कर येते म्हणून रात्री उठताना आधी पलंगाच्या काठावर बसायचं, दिवा लावायचा, मग पाय टेकायचा, हे दोनदा म्हणून घेतलं. सुनेला सुती, मऊ, सैल ब्लाउज शिवून घ्यायला सांगितलं. औषध लिहिणं हा या भेटीतला सगळ्यात छोटा भाग होता.

मी नर्स प्रॅक्टिशनर आहे. शब्द ऐकला नसेल त्यांच्यासाठी: नर्सिंगची पदवी, मग काही वर्षं वॉर्डातलं काम, मग दोन ते चार वर्षांचं पदव्युत्तर शिक्षण आणि देखरेखीखाली रुग्ण तपासण्याचे तास. ही पायवाट १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात लॉरेटा फोर्ड या परिचारिकेने आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञाने पाडली, जिथे डॉक्टर पोहोचत नव्हते तिथल्या मुलांसाठी. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा नियम वेगळा. मी राहते त्या वॉशिंग्टन राज्यात नर्स प्रॅक्टिशनर स्वतः तपासते, निदान करते, औषध लिहिते, मॉर्फिनसारखी नियंत्रित औषधंसुद्धा. मी वेदना आणि पॅलिएटिव्ह केअरच्या (गंभीर आजारात दुखणं आणि त्रास कमी करण्याच्या) क्लिनिकमध्ये आहे.

पण वेदनेचा पहिला धडा मी इथे शिकले नाही. मराठवाड्यातल्या एका सरकारी रुग्णालयात मी बावीस वर्षांची स्टाफ नर्स होते. स्त्रियांचा शस्त्रक्रियेचा वॉर्ड, रात्रपाळीला दोघी, आणि खाटा भरून खाली गाद्या. पोटाचं ऑपरेशन झालेल्या बायकांच्या केसपेपरवर वेदनाशामक इंजेक्शन 'एसओएस' असं लिहिलेलं असायचं, म्हणजे लागलं तर. लागलं हे ठरवायचं कोणी? जी ओरडायची तिला मिळायचं. एका कोपऱ्यात ऊसतोडणीवरची एक बाई होती. रात्रभर भिंतीकडे तोंड करून पडलेली, अगदी शांत. मला वाटलं झोपलीय. सकाळी चादर बदलताना बघितलं तर तिने लुगड्याचा काठ दातांखाली धरून धरून फाडला होता. मी म्हटलं, "अगं सांगायचं नाही का?" ती म्हणाली, "तुमी पळतच हुत्या की सिस्टर. कशाला अजून तरास." ती रात्र माझ्याकडून झालेली चूक आहे आणि ती मी माझ्या प्रत्येक विद्यार्थिनीला सांगते. शांत पडलेल्या माणसाला दुखत नाही, असं मी पुन्हा कधीही गृहीत धरलेलं नाही.

आता आकड्यांविषयी. शून्य ते दहा ही मोजपट्टी वाईट नाही. काल सात होतं, आज चार आहे, एवढं कळायला ती उपयोगी पडते. पण तिच्यात फक्त किती आहे ते कळतं. कसं आहे ते कळत नाही, आणि औषध 'कसं' यावर ठरतं. माँट्रियालच्या रोनाल्ड मेल्झॅक यांनी रुग्णांच्या तोंडचे शब्द वर्षानुवर्षं गोळा करून १९७५ साली वेदनेची प्रश्नावली केली: ७८ शब्द, २० गटांत. मी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा मला माझी आजी आठवली. आपल्या भाषेत हे सगळं आधीच आहे! ठणकतं, म्हणजे बहुधा सूज किंवा पू. ठुसठुसतं, म्हणजे गळू पिकत आलंय. कळ येते आणि जाते, म्हणजे आतड्यासारखा, मूत्रवाहिनीसारखा पोकळ अवयव आवळतोय. मुरडा वेगळा. आग, भगभग, मुंग्या, सणक, वीज गेल्यासारखं, म्हणजे नसा. चरचरतं म्हणजे कातडी किंवा लघवीचा मार्ग सोललाय. उसण भरली म्हणजे स्नायू. पोटऱ्या वळतात, पायात गोळे येतात, पाठ भरून येते, सांधा धरतो. आणि छाती 'दाटून आली', 'दगड ठेवल्यासारखं झालं' असं कोणी म्हणालं तर पुढचा प्रश्न न विचारता रुग्णवाहिका. अर्थात शब्दावरून निदान पक्कं होत नाही, तपासावं लागतंच. पण कुठे बोट ठेवून तपासायचं ते शब्द सांगतो. दुभाषा यातलं काय पोहोचवतो? "पेन". सगळ्याचं एकच "पेन".

माझ्या पहिल्या भेटीला ४५ मिनिटं लागतात. वरचे शब्द विचारून झाले की मी विचारते, "हे दुखणं नसतं तर उद्या सकाळी उठून काय केलं असतं?" उत्तरं फार साधी असतात. नातवाला उचललं असतं. देवळाच्या पायऱ्या चढले असते. ताक घुसळलं असतं. तेच मी उपचाराचं ध्येय म्हणून लिहिते. जुनाट दुखण्यात आकडा शून्यावर येईल असं वचन मी कोणालाही देत नाही, पण पायऱ्यांवर काम करता येतं.

तुमच्या भागात दुखण्याला काय काय म्हणतात ते लिहाल का? मी वही करतेय. आणि प्रश्न असतील तर विचारा. कोणाच्या नावाची गोळी मात्र इथून सांगणार नाही, तपासल्याशिवाय ते बरोबर नाही.

---

पन्हाळ्याचा वारा | १४ जून, दुपारी १.०५

ताई, दोनदा वाचलं. लुगड्याच्या काठापाशी थांबलो.

आमच्याकडे "चमक मारती", "कळ मारती", "लचक भरली". मुका मार लागला की "आतनं दुखतंय". मी स्वतः तालमीतला. अठरा वर्षं कुस्ती केली, आता पन्नाशीत गुडघे आणि मान दोन्ही गेलं. तालमीत एकच शिकवतात, दुखलं तरी बोलायचं नाही. वस्ताद मायेचा माणूस, पण तोही म्हणायचा, "कळ सोसंल तो पैलवान." डॉक्टरपुढं बसल्यावर तोंडातून शब्द फुटत नाही. काय सांगू त्यांना?

---

परिचारिका_सिएटल | १४ जून, रात्री ९.३०

दादा, तुम्हाला एका पैलवानाची गोष्ट सांगते. जॉन बोनिका. इटलीतल्या एका छोट्या बेटावर जन्मलेला, लहानपणी आईबापांबरोबर न्यूयॉर्कला आलेला. वैद्यकीय शिक्षणाची फी भरायला हा माणूस व्यावसायिक कुस्त्या करायचा, पुढे तोंडाला मुखवटा लावून. भूलतज्ज्ञ झाला, दुसऱ्या महायुद्धात आमच्या इथल्याच लष्करी रुग्णालयात त्याच्यापुढे जखमी सैनिक आले. जखमा भरलेल्या, पाय कापून वर्ष झालेलं, आणि दुखणं तसंच. पुस्तकांत यावर काही मिळेना म्हणून १९५३ साली त्याने स्वतः वेदना-उपचारावर मोठा ग्रंथ लिहिला. १९६० मध्ये तो वॉशिंग्टन विद्यापीठात आला आणि भूलतज्ज्ञ, मानसतज्ज्ञ, अस्थितज्ज्ञ, नर्स अशा सगळ्यांनी मिळून एकच रुग्ण बघायचा, अशी वेदना क्लिनिकची पद्धत त्याने इथे बसवली. १९७३ साली सिएटलजवळच्या इसाक्वा गावी त्याने जगभरचे लोक जमवले, त्यातून वेदना-अभ्यासकांची आंतरराष्ट्रीय संघटना झाली. आणि हा स्वतः कुस्तीतल्या दुखापतींनी आयुष्यभर बेजार होता, खुब्यांवर, खांद्यांवर शस्त्रक्रिया झालेल्या. एका पैलवानाने तोंड उघडलं म्हणून ही विद्या उभी राहिली.

डॉक्टरांना असं सांगा: सकाळी उठल्यावर गुडघा किती वेळ धरलेला असतो. जिना चढताना जास्त दुखतो की उतरताना. मानेचं दुखणं दंडातून बोटांपर्यंत उतरतं का, बोटं बधिर होतात का, हातातून वस्तू निसटते का. निसटत असेल तर ते आधी सांगा, लवकर दाखवा. आणि गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणून रोज डायक्लोफेनॅकची वेदनाशामक गोळी घेत असाल तर तेही लपवू नका. पोट, मूत्रपिंड, रक्तदाब तिन्हीवर त्याचा परिणाम होतो. मांडीचे स्नायू पुन्हा बळकट करणं हे गुडघ्याचं खरं औषध आहे, आणि त्या बाबतीत तुम्ही इतरांपेक्षा पुढे आहात.

---

भूलतज्ज्ञ_नागपूर | १५ जून, सकाळी ७.५०

लेख मनापासून आवडला, तरी एका मुद्द्यावर माझी हरकत नोंदवतो. आमच्याकडे "खूप दुखून राह्यलं" म्हणणारा माणूस मेडिकल दुकानातून काहीही मिळवतो. ट्रॅमाडॉल या वेदनाशामकाचं व्यसन वाढलं म्हणून २०१८ मध्ये ते एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आणावं लागलं. तुमच्या देशात तर "रुग्ण सांगेल ती वेदना" या विचाराने काय झालं ते जगाने पाहिलं आहे. १९९६ साली ऑक्सिकॉन्टिन हे अफूच्या जातीचं तीव्र वेदनाशामक बाजारात आलं, व्यसन लागत नाही असा प्रचार झाला, वेदना ही नाडी-तापमानासारखीच मोजायची पाचवी खूण ठरवली गेली, आणि लाखो माणसं गेली. औषध लिहिण्याचा अधिकार जितक्या जास्त हातांत जाईल तितका धोका वाढतो, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. यात परिचारिकांचा अवमान नाही. तीस वर्षं त्यांच्या जोरावरच काम केलं आहे.

---

परिचारिका_सिएटल | १५ जून, रात्री १०.१५

डॉक्टरसाहेब, हरकत रास्त आहे आणि तिला पूर्ण उत्तर द्यायला हवं.

त्या काळात इथे जे झालं त्यात आकड्याचा मोठा वाटा होता असं मला वाटतं. नर्सने आकडा लिहायचा, आकडा जास्त असला की गोळी, गोळीने आकडा उतरला नाही की मोठी गोळी. रुग्णाचं ऐकणं यात कुठेच नव्हतं. ऐकलं असतं तर कळलं असतं की अनेकांच्या कंबरदुखीत झोप नव्हती, काम गेलं होतं, घर मोडलं होतं. सिसिली सॉन्डर्स याला 'समग्र वेदना' म्हणायच्या: शरीराची, मनाची, पैशाची, नात्यांची, देवाशी चाललेल्या भांडणाची, सगळी एकात एक. त्या आधी नर्स, मग रुग्णालयातल्या समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर झाल्या आणि १९६७ साली लंडनला त्यांनी शेवटच्या आजारातल्या माणसांसाठी सेंट क्रिस्टोफर हॉस्पिस उभारलं. गोळी त्यातल्या एकाच कप्प्यावर चालते.

आणि मग उलट लाट आली, ती मी जवळून पाहिली. २०१६ मध्ये सीडीसी या इथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने ओपिऑइडविषयी, म्हणजे अफूच्या जातीच्या वेदनाशामकांविषयी, मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या जपून वाचायच्या सोडून लोकांनी त्यांचा दंडुका केला. माझ्याकडे एक गृहस्थ आले, विमानाच्या कारखान्यात तीस वर्षं काम केलेले, पाठीच्या तीन शस्त्रक्रिया झालेल्या. बारा वर्षं ओपिऑइडच्या एकाच मात्रेवर होते. आधीच्या क्लिनिकने एका भेटीत औषध बंद केलं, कागदावर "धोरणानुसार" एवढंच. ते थरथरत होते, जुलाब, घाम, चार रात्री डोळ्याला डोळा नाही, आणि म्हणाले, "मला वाटतं मी संपवावं." असं अचानक बंद करणं किती घातक आहे याचा इशारा इथल्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, २०१९ मध्ये दिला, आणि सीडीसीने २०२२ मध्ये सूचना सुधारल्या. मी त्यांचं औषध आधी परत सुरू केलं. मग त्यांच्या संमतीने, महिन्याला साधारण दहा टक्के, कधी दोन महिने तिथेच थांबून, कमी करत आणलं. दीड वर्ष लागलं. घरात ओपिऑइडची मात्रा जास्त झाली तर उतारा म्हणून नॅलोक्सोनचा नाकात मारायचा स्प्रे ठेवला आणि तो कसा वापरायचा हे त्यांच्या पत्नीला शिकवलं. शेवटी ते ब्युप्रेनॉर्फिन या तुलनेने सुरक्षित ओपिऑइडवर स्थिरावले. आता ते शेजारच्या मुलांना सायकल दुरुस्त करायला शिकवतात.

प्रत्येक नियंत्रित औषध लिहिण्याआधी मी राज्याची नोंदणी उघडून पाहते, या रुग्णाने आणखी कोणाकडून काय घेतलं आहे ते त्यात दिसतं. झोपेच्या गोळ्या आणि दारू यांची विचारपूस करते, कारण ओपिऑइडबरोबर तेच श्वास थांबवतात. ही शिस्त ज्याच्या हातात आहे त्याच्याकडे अधिकार असावा, मग पदवी कोणतीही असो. आणि भारतात नर्सने उद्यापासून मॉर्फिन लिहावं असं मी म्हणत नाहीये. पण रात्री दोन वाजता खाटेजवळ नर्सच असते. तिने "हे नसांचं दुखणं वाटतंय, डॉक्टर" असं म्हटलं तर ते ऐकलं जावं, एवढं आज होऊ शकतं.

---

भूलतज्ज्ञ_नागपूर | १६ जून, सकाळी ८.१०

शेवटचं वाक्य मान्य. आमच्या शस्त्रक्रियेनंतरच्या वॉर्डात 'एसओएस' लिहिणं मी काही वर्षांपूर्वी बंद केलं. पहिले ४८ तास घड्याळाप्रमाणे औषध, आणि नर्सच्या नोंदीत 'खोकताना दुखतं का' हा स्वतंत्र रकाना. निवांत पडलेला माणूस ठीकच सांगतो. खोकायला लावलं की खरं कळतं. दुखतं म्हणून तो खोकत नाही, कफ साठतो आणि न्यूमोनिया होतो.

---

रात्रपाळी | १७ जून, पहाटे ४.३५

ताई, मी मुंबईत आयसीयूत आहे. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा क्रिटिकल केअरमधला नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम मी केला. अभ्यासक्रम उत्तम आहे, खूप शिकले. परत आल्यावर मात्र त्या नावाचं पदच नाही. पगार तोच, काम तेच, बिल्ल्यावर 'स्टाफ नर्स'. व्हेंटिलेटरवरच्या माणसाला बोलता येत नाही, त्याच्या भुवया आणि बोटं बघून मी सांगते की याला दुखतंय, नुसता घाबरलेला नाही. कधी ऐकलं जातं, कधी "तू सिडेशन वाढव" म्हणतात, म्हणजे गुंगीचं औषध. सिडेशनने माणूस झोपतो, दुखायचं थांबत नाही. तुमचा धागा वाचून बरं वाटलं. आता सक्शनची, म्हणजे रुग्णाचा कफ ओढून काढायची, वेळ झाली, जाते.

---

ठाणेकर कन्या | १७ जून, संध्याकाळी ६.२०

माझ्या बाबांना स्मृतिभ्रंश आहे, वय ८३. गेले पंधरा दिवस आंघोळ घालताना मारायला धावतात. डॉक्टरांनी शांत राहण्याची गोळी वाढवली. तुमचा लेख वाचून प्रश्न पडला, यांना कुठे दुखत तर नसेल? त्यांना शब्दच उरले नाहीत. कसं ओळखायचं?

---

परिचारिका_सिएटल | १७ जून, रात्री ११.००

फार योग्य प्रश्न पडलाय तुम्हाला. ज्यांचे शब्द गेले त्यांच्यासाठी आम्ही पाच गोष्टी बघतो: श्वास, तोंडातून निघणारे आवाज (कण्हणं, एकच शब्द पुन्हा पुन्हा), चेहरा, शरीर (मुठी आवळणं, गुडघे पोटाशी घेणं, ढकलणं), आणि जवळ घेतल्यावर शांत होतात का. प्रत्येकाला शून्य ते दोन गुण. हे निवांत बसलेले असताना एकदा बघा आणि हलवताना एकदा. फक्त आंघोळीलाच मारत असतील तर आंघोळीत कोणता सांधा हलतो? हात वर करताना, की पाय वाकवताना? खांदा धरलेला असू शकतो. दात बघा, कवळीखाली जखम आहे का बघा. पायाची नखं, टाचा, माकडहाडाजवळची कातडी बघा. शौचाला किती दिवस झालेत? लघवीला जळजळ असू शकते. हे सगळं लिहून डॉक्टरांपुढे ठेवा आणि काही दिवस ठरलेल्या वेळी पॅरासिटामोल देऊन बघायचं का, असं विचारा. यकृत ठीक असेल तर बहुतेक वेळा ते सुरक्षित असतं, आणि त्याने मारणं थांबलं तर उत्तर मिळालं.

---

ठाणेकर कन्या | १९ जून, दुपारी २.४५

उजवा खांदा. हात खांद्याच्या वर जातच नाही. सदरा डोक्यातून काढताना ओरडतात. आम्ही रोज तोच हात आधी वर करत होतो. फिजिओ उद्या येतायत, आणि सगळे सदरे पुढून बटणांचे केले.

---

वाळव्याचा पोरगा | २० जून, रात्री १.१५

झोप नाही म्हणून लिहितोय. आईला स्तनाचा कॅन्सर, वय ६१. आता कंबरेच्या हाडात आणि मणक्यात पसरलाय. ज्या दवाखान्यात सगळे उपचार झाले तिथे सांगितलं, आता काही करण्यासारखं नाही, घरी न्या. गावातले डॉक्टर रोज संध्याकाळी येऊन एक इंजेक्शन देतात. चार तास बरं, मग रात्रभर कण्हते. मॉर्फिनचं नाव काढलं तर मामा म्हणतात ते शेवटचं औषध, ते दिलं की माणूस जातो, आणि सवय लागते. काय करू?

---

परिचारिका_सिएटल | २० जून, रात्री १.४०

तुमचा निरोप लगेच दिसला. आधी एकच विचारते: आईच्या पायातली ताकद कमी झालीय का? पाय लटपटतात, लघवी अडते किंवा नकळत होते, बैठकीची जागा बधिर आहे? यातलं एक जरी असेल तर सकाळची वाट न बघता गाडी करून मोठ्या दवाखान्यात न्या. मणक्यातल्या गाठीचा मज्जारज्जूवर दाब आला तर काही तासांत उपचार झाले तरच पाय वाचतात. नसेल तर पुढचं वाचा.

"काही करण्यासारखं नाही" हे वाक्य कॅन्सरबद्दल खरं असेल. दुखण्याबद्दल खरं नाही. हाडातल्या दुखण्यावर किरणोपचाराची एकच बैठक पुष्कळदा काम करते. परिणाम यायला दोन-तीन आठवडे लागतात आणि पहिले एक-दोन दिवस दुखणं वाढू शकतं, हे आधी सांगून ठेवते म्हणजे घाबरायला नको. ते देतात का, हे कॅन्सरच्या डॉक्टरांना थेट विचारा.

मॉर्फिनबद्दल मामांना सांगा: जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ पासून सांगितलंय की कॅन्सरच्या वेदनेत औषध शक्यतो तोंडाने द्यावं आणि घड्याळाप्रमाणे द्यावं. मॉर्फिनची साधी गोळी दर चार तासांनी असते. दुखायला लागल्यावर द्यायची नाही, दुखू नये म्हणून द्यायची. वेदनेसाठी, तपासून, हळूहळू वाढवत दिलेल्या मॉर्फिनने माणूस लवकर जात नाही. गुंगी आणि मळमळ पहिले काही दिवस, मग ती बहुधा ओसरते. बद्धकोष्ठ मात्र ओसरत नाही, म्हणून पहिल्या गोळीबरोबरच रेचक सुरू झालंच पाहिजे. इसबगोल देऊ नका. पाणी कमी पिणाऱ्या माणसात ते आत घट्ट बसतं. आणि रोजच्या इंजेक्शनचं नाव बघून घ्या. डायक्लोफेनॅक असेल तर मूत्रपिंडाची तपासणी करून घ्या, मॉर्फिनची मात्रा ठरवायलाही तो रिपोर्ट लागतो.

मॉर्फिन कुठे मिळेल? जगाच्या औषधांसाठी कायदेशीर अफू पिकवणाऱ्या मोजक्या देशांत आपण आहोत, नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखाने आहेत, तरी १९८५ च्या एनडीपीएस कायद्याच्या धाकाने दवाखाने हे औषध ठेवायला वर्षानुवर्षं घाबरले. २०१४ मध्ये कायदा बदलला. आता मान्यता मिळालेल्या संस्था एकाच परवान्यावर ते ठेवू शकतात. केरळात हे आधीच उभं राहिलं होतं, कालिकतला १९९३ पासून, पुढे घरोघरी जाऊन. तुमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी कॅन्सर रुग्णालय आणि सरकारी रुग्णालय दोन्हीकडे "पॅलिएटिव्ह केअरचे डॉक्टर आहेत का, तोंडाने घ्यायचं मॉर्फिन मिळतं का" हे दोनच प्रश्न विचारा. लांब जायची तयारी असेल तर मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयात हा स्वतंत्र विभाग आहे, पुण्यात वारज्याला सिप्ला फाउंडेशनचं केंद्र आहे, तिथे उपचारांचे पैसे घेत नाहीत, आणि वांद्र्याला शांती अवेदना सदन १९८६ पासून आहे.

आज रात्रीसाठी: कुशीवर झोपवून दोन गुडघ्यांमध्ये उशी द्या, पाठीला टेकण. आणि एका वहीत तिचेच शब्द लिहा, वेळ घालून. तुमचे नकोत, तिचे.

---

वाळव्याचा पोरगा | २० जून, रात्री २.०५

पायात ताकद आहे, लघवी व्यवस्थित. उशी दिली. वही काढली.

---

पन्हाळ्याचा वारा | २० जून, सकाळी ६.३०

भावा, मी कोल्हापुरात असतो, गाडी आहे. कधीही निरोप टाक, आईला कुठं न्यायचं असंल तर येतो.

---

वाळव्याचा पोरगा | ३ जुलै, दुपारी १.३०

ताई, सगळ्यांना कळावं म्हणून इथेच लिहितो. पन्हाळकर दादा स्वतः गाडी घेऊन आले. जिल्ह्याच्या ठिकाणी पॅलिएटिव्हच्या डॉक्टर मॅडम भेटल्या. मी वही दिली. आईने सांगितलेलं तसंच लिहिलं होतं: "कंबर ठणकती, हाड फुटल्यागत", आणि खाली वेगळं, "डाव्या पायात वीज जाती, मग पाय माझा न्हाईच वाटतो." मॅडम म्हणाल्या, ही दोन वेगळी दुखणी आहेत. कंबरेसाठी मॉर्फिन आणि किरणांची एक बैठक, पायासाठी रात्रीची वेगळी छोटी गोळी. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, आणि झोपताना दोन गोळ्या एकदम, म्हणजे मध्यरात्री उठवायला नको.

पहिले तीन दिवस गुंगीत होती, मामा माझ्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी सकाळी तिने स्वतः चहा मागितला.

मी तुमचा तो प्रश्न विचारला, दुखत नसतं तर काय केलं असतंस. म्हणाली, सोप्यात बसून रस्ता बघितला असता. काल अर्धा तास बसली. मामांनीच खुर्ची टाकली. रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला नावाने हाक मारत होती.

---

परिचारिका_सिएटल | ३ जुलै, दुपारी १.५२

वाचून डोळे भरले. दोनची गोळी आता आठ मिनिटांवर आली, ती आधी द्या. आणि मला सांगा, पोट रोज साफ होतंय का?